जुन्या विहिरींची वसुली

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘सागर सम्राट’ला तेल लागले, तेव्हा आम्हा शाळकरी पोरांनाही वाटले, देशाची तेलाची चिंता मिटली. १९७६ साली ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन सुरू झाले. ऐंशीच्या दशकात ते शिखराला पोहोचले आणि पुढे उतरणीला लागले. आज आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. आखातात ठिणगी पडली की आपल्या स्वयंपाकघराला धग लागते. मग हे वयस्क क्षेत्र निकालात काढायचे का?

बँकेच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो: येणे रक्कम वेगळी आणि वसूल होणारी वेगळी. तेलाचेही तसेच. जमिनीखाली तेलाचे तळे नसते. स्पंजातल्या पाण्यासारखे ते खडकाच्या छिद्रांत असते. जगभरच्या क्षेत्रांतून सरासरीने जेमतेम एक तृतीयांश तेल वर येते. बाकीचे खालीच राहते.

मुंबई हायचा मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. हा खडक एकसंध नाही. त्याच्या सच्छिद्र थरांमध्ये चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाचे पातळ पडदे आहेत. त्यामुळे एक कप्पा रिकामा झाला तरी शेजारचा भरलेला असू शकतो. तो शोधायला भूवैज्ञानिक जुने दप्तर उघडतात. विहिरीतून काढलेले खडकाचे नमुने, विहिरींच्या विद्युत नोंदी आणि भूकंपलहरींचे प्रतिध्वनी ते पुन्हा तपासतात. सूक्ष्म जीवाश्मांवरून या विहिरीतला थर त्या विहिरीत कुठे आहे ते जुळवतात. एके काळी ज्या तळखडकाला टेकले की खोदाई संपली असे मानत, त्याच्या भेगांतही इथे तेल मिळाले आहे.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक मदत घेतली. जरूर घ्यावी. पण पाहुण्यांनाही आधी आपल्याच नोंदी वाचाव्या लागतील. नव्या शोधाला मथळा मिळतो. नमुन्यांच्या पेट्या जपणाऱ्याला कोणी विचारत नाही. जुन्या क्षेत्रात खरे भांडवल मात्र त्याच पेट्या आहेत. त्यांवरचा खर्च हा खर्च नव्हे, ठेव आहे.

याने आयात थांबणार नाही, हे उघड आहे. पण वाचकहो, ‘प्रचंड साठा सापडला’ असे पुन्हा छापून आले, तर एकच प्रश्न विचारा: त्यातली वसुली किती?