तलाव कोणाचा?

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्याची वार्ता देशभर पोहोचली. बांबू कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या गावाने मिळविले. तितकाच जुना दुसरा प्रश्न मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या भातपट्ट्यात रेंगाळत आहे : तलाव कोणाचा?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. ही सरोवरे निसर्गाची देणगी नव्हेत. उतारावर मातीची पाळ घालून, गोंड राजवटीच्या आश्रयाने, कोहळी व इतर समाजांनी ती घडविली. तुडुम उघडून पाटाने पाणी कोणत्या बांधीत किती सोडायचे, हे गावाने नेमलेला पाणकर पाही. 1951 साली मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले. निस्ताराचा हक्क कागदावर उरला. पण गाळ काढण्याची आणि पाळ राखण्याची गावाची जबाबदारी हळूहळू कोणाचीच राहिली नाही. तलाव उथळ झाले, बेशरमाने काठ व्यापला.

याची झळ सर्वांत आधी ढिवर समाजाला बसते. शेतकऱ्यास धान निसवताना पाणी हवे असते, मासेमाराला उन्हाळ्यापर्यंत. पाणी खोल असेल तर दोघांचे भागते. उथळ तलावात एकाचे पीक म्हणजे दुसऱ्याचे रिकामे जाळे. हा कलह स्वभावाचा नव्हे, गाळाचा आहे, असे आम्हांस वाटते.

कायदा येथे गावाच्या बाजूने आहे. 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रांतील लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवितो. 2006 चा वनहक्क कायदा वनातील जलाशयांतील मासे व इतर उत्पादनांवरील सामूहिक हक्क मान्य करतो. अडचण वेगळीच आहे. ढिवर अनुसूचित जमातींत मोडत नाहीत. इतर पारंपरिक वननिवासी म्हणून त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. शिवाय तलाव एका गावाच्या शिवारात आणि जाळे टाकणारी घरे शेजारच्या गावात, असेही असते. तेव्हा केवळ शिवाराच्या सीमेवरून दावा केला, तर जंगलाबाबत मिळालेला न्याय पाण्याबाबत अन्याय ठरू शकतो. सामूहिक हक्काच्या दाव्यात मासे व जलाशय यांचाही उल्लेख करता येतो. तो मजकूर ग्रामसभेने शेजारगावच्या ढिवर कुटुंबांना बोलावून, त्यांच्यासमक्षच लिहावा.