एकोणसाठ म्हणजे किती?

गृहशिक्षणाविषयी मराठीत जे काही लिहिले-बोलले जाते, त्याचा सूर बहुधा शाळेविरुद्धच्या तक्रारीचा असतो. घोकंपट्टी, परीक्षा, दप्तराचे ओझे, भरमसाट शुल्क. या साऱ्यांतून मुलाला सोडवायचे म्हणून घर. तक्रार खरी आहे. परंतु मूल घरी ठेवल्यानंतर त्याला काय, आणि विशेषतः कोणत्या भाषेत शिकवायचे, हा प्रश्न त्या तक्रारीच्या गोंगाटात मागे पडतो. आम्ही मराठीचे अध्यापक. गणित हा आमचा प्रांत नव्हे. तरीही लहान मुलांच्या गणिताविषयी येथे लिहीत आहोत, कारण हा प्रश्न आमच्या मते आधी भाषेचा आहे.

आमच्या परिचयाची दोन-तीन कुटुंबे कांजूरमार्गला राहतात. स्थानकाच्या पश्चिमेला पवईची वाट आणि त्या वाटेवर आयआयटी, पूर्वेला मिठागरे, आणि मधल्या पट्ट्यात एकामागून एक उभे राहिलेले मनोरे. या घरांतील पाच ते आठ वर्षांची मुले शाळेत जात नाहीत. गोष्टी, चित्रे, झाडेझुडपे हे सारे आईवडील आपल्या हिमतीवर शिकवतात. गणिताची वेळ आली की मात्र हिंमत खचते आणि टॅब्लेट पुढे येतो. आईवडील दोघेही पदवीधर, पण गणिताची धास्ती त्यांच्या स्वतःच्या शाळेतून त्यांच्याबरोबर घरी आलेली आहे. ती मुलाला लागू नये म्हणून ते यंत्राला मध्ये घालतात. हेतू समजण्यासारखा आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात गृहशिक्षणाला स्पष्ट मान्यता नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. पुढच्या टप्प्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांची वाट आहे. या घरांत मुंबईच्या मालविका जोशीचे उदाहरण हटकून दिले जाते. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तीन पदके मिळवून ती २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत दाखल झाली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचे दार तिला बंदच होते. उदाहरण तेजस्वी आहे, पण ते सहा वर्षांच्या मुलाला लावताना एक तपशील गळतो. मालविकाने शाळा सोडली ती सातवीनंतर. संख्येची भाषा घडण्याची वर्षे तोवर मागे पडलेली होती. आमचा विषय नेमका त्या वर्षांचा आहे.

घरातले गणित ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. दिवेलागणीला ओसरीवर बसून म्हटला जाणारा परवचा हे शाळेला दिलेले घरचे पूरकच होते. पाढे तर होतेच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी. त्या परवच्याचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच विचार नाही. तो बहुतांशी वरच्या जातींच्या घरांतला, त्यातही मुलग्यांचा. अर्थ न कळता घोकण्याचा भागही त्यात पुष्कळ. पण एक गोष्ट त्यात निश्चित होती. संख्या तोंडातून बाहेर पडत असे आणि घरातल्या चारजणांच्या कानांवर पडत असे.

आजच्या संगणकीय कार्यक्रमांचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. मूल चुकले तर यंत्र कपाळाला आठ्या घालत नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करीत नाही, तीच बेरीज वीस वेळा न कंटाळता समोर ठेवते. उत्तर बरोबर की चूक हे त्याच क्षणी कळते, आणि जमले नाही तर पायरी खाली उतरते. पन्नास मुलांच्या वर्गात कोणत्याही शिक्षकाला हे साधत नाही. यांतील सर्वांत नामांकित अशा खान अकादमीचा उगमही घरगुतीच आहे. सलमान खान (नटाशी केवळ नामसाधर्म्य) यांनी २००४ मध्ये बोस्टनहून न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्या नात्यातील एका मुलीला दूरध्वनीवरून गणित शिकवायला आरंभ केला, त्यातून ही संस्था उभी राहिली. म्हणजे मुळात होता तो दोन माणसांचा संवाद. चित्रफितीत त्यातला एक आवाज उरला आणि दुसरा, शिकणाऱ्याचा, गळून पडला.

आमचा आक्षेप येथे सुरू होतो. पडद्यावर चार चौकोन येतात, मूल त्यांतला एक दाबते, तारका चमकतात. या साऱ्या व्यवहारात मुलाला संख्या एकदाही उच्चारावी लागत नाही. ऐकू येते ती बहुधा इंग्रजीत. कांजूरमार्गच्या एका घरी आम्ही पाहिले: सहा वर्षांची मुलगी दोन अंकी बेरजा झराझरा करीत होती. आजी म्हणाल्या, ‘‘पाऊणशे झाले की गं तुझे गुण!’’ मुलीने आईकडे पाहिले. आई म्हणाली, ‘‘अगं, सेव्हन्टीफाइव्ह.’’ मुलगी पुन्हा खेळात रमली. कोणाचेच काही बिघडले नव्हते. फक्त आजीचा शब्द त्या घरातून बाहेर पडला होता.

हा शब्द गेला तर काय जाते, हे नीट पाहायला हवे. पाऊण म्हणजे ‘पादोन’, एक चतुर्थांशाने उणा. सव्वा म्हणजे ‘सपाद’, साडे म्हणजे ‘सार्ध’. अडीच हा ‘अर्धतृतीय’, म्हणजे तिसरा अर्धा, यातून झिजून आलेला. मराठी बोलणाऱ्या घरातले मूल पाटीवर अपूर्णांक लिहिण्याच्या कितीतरी आधी अपूर्णांक बोलत असते: सव्वातीन वाजले, पाऊण वाटी साखर, दीडशे रुपये, अडीच मीटर कापड. त्यातही ‘सव्वाशे’ म्हणजे शंभर आणि त्याचा चौथा हिस्सा, पण ‘सव्वातीन’ म्हणजे तीन आणि एकाचा चौथा हिस्सा. हा फरक मूल नियम न शिकता उचलते. इंग्रजी कार्यक्रमात हेच ज्ञान दोन-तीन वर्षांनी पिझ्झ्याचे रंगीत तुकडे होऊन येते, जणू काही अगदी नवे. (वडापाववाल्याकडचा ‘पाव’ पोर्तुगीज आहे आणि पाव किलोतला ‘पाव’ आपला, हे मुंबईच्या मुलाला एकदा सांगून पाहावे. त्याला ते फार आवडते.)

शब्दांत मांडलेल्या उदाहरणांचे तर बोलायलाच नको. ‘तीनने जास्त’ आणि ‘तीनपट’ यांतला फरक गणिताचा खरा, पण मुलाला तो गाठायचा असतो एका ‘ने’ या प्रत्ययातून. ‘प्रत्येकी’, ‘पैकी’, ‘मिळून’, ‘उरले’ हे शब्द कळले तर कोणती क्रिया करायची ते कळते; न कळले तर मूल समोर दिसतील त्या दोन संख्यांची बेरीज करून मोकळे होते. अशा वेळी आपण म्हणतो, याचे गणित कच्चे आहे. कच्ची असते ती तृतीया विभक्ती.

आता मराठीच्या बाजूने बोलताना मराठीची अडचण लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एकवीस ते नव्याण्णव ही आपली संख्यानामे लहान मुलाला खरोखर अवघड जातात. ‘सप्तषष्टि’चा ‘सदुसष्ट’ झाला, ‘द्वासप्तति’चा ‘बाहत्तर’. शतकांच्या झिजेत सांधे बुजून गेले आणि प्रत्येक नाव सुटे पाठ करणे आले. शिवाय ‘एकवीस’मध्ये एक आधी ऐकू येतो आणि लिहायचा असतो नंतर, म्हणून मूल १२ लिहिते. केव्हिन मिलर आणि जेम्स स्टिगलर या संशोधकांनी १९८७ मध्ये चिनी आणि अमेरिकी मुलांच्या मोजण्याची तुलना केली होती. चिनीत अकराला ‘दहा-एक’ असे सरळ म्हणतात, आणि दहाच्या पुढे मोजताना त्या मुलांना त्याचा लाभ होतो असे त्यांना आढळले. नॉर्वेने तर १९५१ मध्ये शासकीय निर्णयाने ‘एक-आणि-वीस’ हा क्रम उलटवून ‘वीस-एक’ केला. जुनी पद्धतही लोकांच्या बोलण्यात पुढे दीर्घकाळ टिकून राहिली. आपला शेजारी कन्नड तर मुळातच ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस-एक, असे म्हणतो.

हीच अडचण ओळखून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन दिले गेले. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ ही प्रचलित नावेही होती, पण वादाच्या धुरळ्यात तेवढे पाहण्याची सवड कोणाला? विधानसभेपासून वर्तमानपत्रांच्या विनोदी सदरांपर्यंत खिल्ली उडाली. मराठी बुडाली असा टाहो ज्यांनी फोडला, त्यांपैकी कितीजणांच्या घरात नातवंडे ‘बाहत्तर’ म्हणत होती, हे विचारायचे राहून गेले. नारळीकरबाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांच्या सूचनेविषयी आमचे मत असे: ‘वीस एक’ ही पायरी म्हणून उत्तम आहे, मुक्काम म्हणून नाही. मुलाने साठ-सात म्हणत संख्येची रचना समजून घ्यावी आणि मग सदुसष्ट म्हणावे. दोन्ही नावे ठाऊक असलेले मूल एका वस्तूकडे दोन बाजूंनी पाहू शकते. आणि या दोन नावांमधली ये-जा घडवायला लागतो बोलणारा माणूस. शाळेत तो चाळीस-पन्नास मुलांत वाटला जातो, घरी मात्र पूर्ण वेळ हजर असतो.

म्हणूनच गृहशिक्षण देणाऱ्या मराठी पालकांविषयी आम्हांला आश्चर्य वाटते. शाळेत माध्यम ठरलेले असते, घरात ते आपल्या हाती असते. अभ्यासक्रम, वेळापत्रक, गणवेश हे सारे झुगारणारी ही मंडळी संख्येच्या बाबतीत मात्र कोणीही न लादलेले इंग्रजी निमूटपणे स्वीकारतात. पुढे सारे इंग्रजीतच शिकायचे आहे, असे उत्तर मिळते. पुढे शिकावेच. पण सहाव्या वर्षी ज्या भाषेत भूक आणि भांडण व्यक्त होते तिच्यात मोजणे होऊ नये, यासाठी ते कारण पुरेसे नाही. खान अकादमीचे गणित मराठीतही उपलब्ध आहे. २०२०च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी मराठीतूनच झाली. साधने अगदीच नाहीत असे नव्हे.

याचा दुसरा टोकाचा परिणाम आम्ही रोज पाहतो. पदवीच्या वर्गात ‘पृष्ठ एकोणसाठ उघडा’ म्हटले की पाने फडफडत नाहीत. आधी कुजबुज होते, मग एखादा धीट विद्यार्थी विचारतो, ‘‘सर, फिफ्टीनाइन ना?’’ हा विद्यार्थी मराठी वाङ्मय शिकायला आलेला असतो. ‘एकोन’ म्हणजे एकाने उणा, हे फोड करून सांगितले की त्याचे डोळे चमकतात. मात्र ते चमकायला चौदा वर्षे उशीर झालेला असतो.

महाविद्यालयांचे मराठी विभाग दरवर्षी कित्येक प्रकल्प लिहवून घेतात. त्यांतले दोन-चार तरी या कामी लावता येतील: सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी मराठी वळणाची शब्दांतली उदाहरणे, ज्यांत जॉनची सफरचंदे नसतील, भांडुपच्या बाजारातली मेथीच्या जुड्यांची घासाघीस असेल, सव्वा-दीड-अडीचचे खेळ, एक ते शंभर ही नावे दोन्ही पद्धतींनी, स्वच्छ उच्चारांत मुद्रित केलेली. गणिताचे अध्यापक शेजारच्या खोलीत असतात, त्यांना बोलावता येते. कार्यक्रम बनवणाऱ्यांना असा मजकूर हवा असतो आणि तो सहसा घाईच्या भाषांतरातून भागवला जातो. विद्यापीठाच्या गुणदानात अशा कामाला जागा नाही, हा आक्षेप आमच्या विभागातील सहकाऱ्यांनी आधीच घेतला आहे. तो खरा आहे, आणि अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत तो मांडायचे आम्ही ठरवले आहे.