आपांचा प्रश्न

गेल्या वर्षी रमजानच्या आधी आमच्या थोरल्या आपांचा रत्नागिरीहून फोन आला. दुल्हाभाईंच्या मेंदूत गाठ असल्याचे एमआरआयमध्ये दिसले होते. रडणे ओसरल्यावर आपांनी विचारले, "आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस मासे असतात. मासे खाणाऱ्याला ब्रेन ट्यूमर होत नाही, असं तूच तर पेपर वाचून सांगितलं होतंस ना? मग माझ्या हातून काय चुकलं?"

हो, सांगितले होते. आपांनी ते मनावर घेऊन मिरकरवाड्यातून बंगडा जास्त आणायला सुरुवात केली होती, हे आम्हाला त्या दिवशी कळले. त्या रात्री ती बातमी आम्ही पुन्हा शोधली आणि या वेळी मथळ्याच्या खालचेही वाचले.

2017 मध्ये 'न्यूट्रिशन जर्नल' या नियतकालिकात आधीच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून मांडले गेले. सर्वांत जास्त मासे खाणाऱ्यांमध्ये मेंदूच्या गाठीची जोखीम सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा साधारण 17 टक्क्यांनी कमी दिसली. पण हा अंदाज 1 टक्क्यापासून 30 टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, असेही तिथेच नोंदवले आहे. 1 टक्का म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मथळ्यात मात्र फक्त 17 आला.

शेकडेवारी आम्ही सातवीच्या वर्गाला शिकवतो, तरी फसलो. समजा, लाख वस्तीच्या गावात एका वर्षात सहा जणांना हा आजार होतो. 17 टक्के कमी म्हणजे सहाऐवजी पाच. बाकीच्या पाच जणांच्या घरातही बंगडा शिजतच होता. त्यांच्या बायकांनी काय गुन्हा केला?

शिवाय अशा बऱ्याच अभ्यासांत रुग्णाला आजार झाल्यावर विचारतात की मागच्या काही वर्षांत तुम्ही काय खात होता. आम्हाला मागच्या जुम्म्याला काय शिजवले होते ते धड आठवत नाही! आणि जो मासे जास्त खातो तो भाज्या, व्यायाम, कमाई अशा इतर बाबतीतही वेगळा असू शकतो. मग फायदा माशाचा की त्या बाकी गोष्टींचा, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. 2022 मध्ये अमेरिकेत सुमारे 4 लाख 91 हजार लोकांच्या माहितीवरून उलटीच बातमी आली. जास्त मासे खाणाऱ्यांमध्ये मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग 22 टक्के जास्त आढळला. ती वाचून कोणी मासे सोडले असतील तर त्यांनीही आमच्यासारखीच घाई केली.

शेजारपाजारच्यांनी आपांना आणखी पोळले. एक चाची म्हणाल्या, मासे खाऊन वर दूध पाजलेस. दुसऱ्या म्हणाल्या, माशात पारा असतो, तोच डोक्यात चढला. दुधाचे निव्वळ ऐकीव आहे. पाऱ्याचे मात्र खरे काही आहे. जपानमधील मिनामाता येथे एका कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी समुद्रात जात होते. तिथले मासे-शिंपले खाणाऱ्यांचे हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, पोटातली बाळेही त्यातून सुटली नाहीत. हा आजार 1956 मध्ये उघडकीस आला. पण ती मेंदू आणि नसांना झालेली विषबाधा होती, गाठ नव्हे. म्हणून गरोदर मुलीला मोरीसारखा मोठा शिकारी मासा देऊ नये हे योग्यच. बंगडा-तारलीत पारा कमीच असतो. आपांच्या सालनाचा त्या गाठीशी संबंध जोडायला कसलाही आधार नव्हता.

मेंदूच्या गाठीची पक्की ठाऊक असलेली कारणे थोडीच आहेत: डोक्याला मिळालेले किरणोत्सर्गाचे मोठे डोस आणि काही आनुवंशिक विकार. बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही. घरातल्या बाईला हे पटवणे फार अवघड जाते, कारण ताटात जे पडते त्याचा जाब तिलाच विचारायची आपल्याकडे सवय आहे.

चूक झालीच असेल तर ती दुसरीकडे झाली, आणि ती सगळ्यांची होती. दुल्हाभाईंचे डोके चार महिने पहाटे दुखत होते. कधी कधी उलटी होई. आम्ही तेल चोळले, चष्म्याचा नंबर बदलला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. मग एके दिवशी जेवताना त्यांच्या उजव्या हाताला झटके आले आणि हातातला घास दस्तरखानवर पडला. तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यात नेले. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे, हे खरे. पण झोपेतून उठताना वाढणारे आणि दिवसेंदिवस बळावणारे दुखणे, सोबत उलटी, अंधुक दिसणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, बोलण्या-वागण्यात बदल, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नये. आणि मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच झटका आला तर त्याच दिवशी गाठावे.

दुल्हाभाईंची गाठ मेनिंजिओमा निघाली, मेंदूच्या आवरणातून वाढलेली, कर्करोग नसलेली. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी त्यांनी बंगडा मागितला. आपांनी आधी डॉक्टरांना विचारले, मग आम्हाला फोन केला, आणि तरीही पहिल्या दिवशी डाळच केली. दुसऱ्या दिवशी मात्र तिरफळ घालून सालन झाले.