चाळीस किलोचा अ‍ॅम्प कोण उचलणार?

यंदा जिमखान्याच्या कल्चरल फंडातून बेस गिटारसाठी अ‍ॅम्प घ्यायचं ठरतंय हे कळल्यावर सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल, तर तो मला. आणि कोटेशन बघून सगळ्यात जास्त धसका कुणी घेतला असेल, तर तोही मीच. कोटेशन आहे एका सेकंडहँड अ‍ॅम्पचं. पंधरा इंची स्पीकर, ३०० वॉट, वजन ४० किलो. "एकदाच घ्यायचा तर दणदणीत घेऊ," असं आमच्या बँडमधल्या पोरांचं म्हणणं. दणदणीत या शब्दाला माझा विरोध नाही हो. पण हा दणदणाट करायचा कुठे, ते कुणी सांगेल का?

आपल्याकडे गिग म्हणजे नक्की काय ते जरा बघू. गॅदरिंग वर्षातून एकदा. त्याला साऊंडवाला बाहेरून येतो, टेम्पो भरून स्पीकर आणतो आणि बेसची वायर थेट त्याच्या मिक्सरला जाते. तिथे आपला अ‍ॅम्प असला काय नि नसला काय. उरलेले कार्यक्रम म्हणजे फ्रेशर्स पार्टी मेसमध्ये, टीचर्स डे सेमिनार हॉलमध्ये, हॉस्टेल डे मधल्या चौकात, आणि अधूनमधून एखाद्या कॅफेच्या कोपऱ्यात एकमेकांच्या कोपरांना कोपरं लावून वाजवलेली सहा गाणी. ऐकणारे शंभर-सव्वाशे, त्यातले निम्मे वडापाव खाण्यात गुंग. एवढ्यासाठी ३०० वॉट म्हणजे डासाला मारायला रोडरोलर!

मुळात हे वाद्य जन्मलंच उचलून नेता यावं म्हणून. त्याआधी होता डबल बेस, माणसाहून उंच, गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि ट्रम्पेट-ड्रम्सच्या गलक्यात ऐकूही न येणारा. १९५१ मध्ये लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. सपाट लाकडी बॉडी, चार तारा, गिटारसारखा गळ्यात अडकवायचा. मानेवर फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या सरांना आवडेल असं नाव आहे! पुढच्याच वर्षी त्याने बेससाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प काढला, तो पुढे गिटारवाल्यांनी पळवला. (बेसवाल्यांच्या वस्तू गिटारवाले घेऊन जातात ही परंपरा तेव्हापासूनची. माझी चांगली केबल कुणाकडे आहे ते मला माहीत आहे.) १९६० मध्ये अँपेग कंपनीचा बी-१५ आला. वर अ‍ॅम्प, खाली स्पीकरचं खोकं, आणि काम झालं की अ‍ॅम्प उलटा करून खोक्यातच बंद. ताकद साधारण २५ वॉट. तीनशे वॉटचा राक्षस, म्हणजे एसव्हीटी, त्याच कंपनीने १९६९ मध्ये काढला, तो मोठमोठ्या स्टेजवर वाजवणाऱ्या रॉक बँडसाठी. आपली मेस मोठी आहे, पण एवढी नाही.

आता वॉटचं गणित. आपण सगळे इंजिनिअर होणार, तरी अ‍ॅम्प घेताना आपला लॉगॅरिदम कुठे जातो कोण जाणे. पॉवर दुप्पट केली तर वाढतात ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट. म्हणजेच १०० वॉटच्या जागी ३०० घेतले तर पदरात पडतात पावणेपाच डेसिबल. तेवढा फरक काही वेळा नुसता अ‍ॅम्पची जागा बदलूनही पडतो. भिंतीला चिकटवलात की खालचे सूर फुगतात, दोन भिंतींच्या कोपऱ्यात ढकललात की आणखी फुगतात, मग सगळी गाणी एकाच "बूंऽऽ" मध्ये विरघळतात. छोट्या हॉलमध्ये बेस कमी पडतो असं मला फारसं दिसलेलं नाही. पडते ती स्पष्टता कमी. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, म्हणजे आवाज पोटऱ्यांऐवजी कानांकडे येईल. फुकटचा उपाय आहे, करून बघा.

छोट्या अ‍ॅम्पच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी सेल्समन वाटेन. बेसची सगळ्यात जाड तार ई, ती वाजते ४१ हर्ट्झला. गिटारच्या जाड ई तारेच्या बरोबर निम्म्यावर. इतका खालचा सूर हलवायचा तर भरपूर हवा हलवावी लागते. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीतल्या तिघांपैकी एक हॉफमन (प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव). त्यांच्या नावाने एक नियम आहे: खोकं लहान, सूर खोल आणि आवाज मोठा, या तिघांतले कुठलेही दोनच मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडायचं. आठ इंची स्पीकरच्या चिमुकल्या अ‍ॅम्पमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही. तरी तो सूर आपल्याला ऐकू येतो, कारण ८२, १२३, १६४ असे त्याचे वरचे पट ऐकून मेंदू गाळलेली जागा स्वतःच भरतो. मोबाईलच्या स्पीकरवरही बेसची चाल ओळखू येते ती यामुळेच. रूममध्ये सरावाला हे चालतं. पण ड्रम्स सुरू झाले की मेंदूची दानत संपते. तिथे दहा किंवा बारा इंची स्पीकर आणि १०० वॉटच्या आसपास ताकद हवीच. कहोन आणि अकूस्टिक गिटार असेल तर त्याच्या निम्म्यातही भागतं.

आणि अशा अ‍ॅम्पचं वजन आता किती असतं? दहा-बारा किलो. जुन्या अ‍ॅम्पच्या पोटात लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि अ‍ॅल्युमिनियमचा भला मोठा हीटसिंक असायचा. आताच्या क्लास डी अ‍ॅम्पमधले ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, मधल्या अवस्थेत उष्णता जाळत बसत नाहीत. त्यामुळे हीटसिंक छोटा, आणि सोबत स्विचिंग पॉवर सप्लाय आला की ट्रान्सफॉर्मरही मुठीएवढा. काही स्पीकरमध्ये जड फेराइटऐवजी निओडिमियमचं चुंबक असतं, तिथेही दोन-चार किलो वाचतात. थर्ड इयरच्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपण हेच शिकतो की! मग विकत घेताना मात्र वीस वर्षं जुनं धूड का घ्यायचं?

एक धोक्याची सूचना. "तोवर गिटारच्या अ‍ॅम्पवर वाजव ना" हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. हळू आवाजात काही होत नाही. पण आवाज वाढवला की गिटारच्या स्पीकरचा कागद त्याला झेपत नाही इतका मागेपुढे होतो आणि एक दिवस फाटतो.

खुद्द बेसबद्दल माझं मत साधं आहे: चार तारा, पॅसिव्ह, प्रिसिजनच्या धर्तीचं पिकअप असलेला. पाच तारांचा बेस दिसायला भारी, पण त्याची खालची बी तार ३१ हर्ट्झची. वरचा छोटा अ‍ॅम्प आठवा. ज्या सुराला अ‍ॅम्पच न्याय देत नाही त्याच्यासाठी जास्तीचे पैसे कशाला? अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते, आणि केबल खोचलेली राहिली की ती गुपचूप संपत राहते. कॉमन वापराच्या वाद्याची केबल कोण आठवणीने काढणार? बॅटरी शोच्या दिवशीच मरणार, याबद्दल शर्त लावायला मी तयार आहे. पिकअपचं म्हणाल तर १९५७ पासून प्रिसिजनचं पिकअप दोन तुकड्यांत येतं आणि त्यांच्या वेटोळ्या अशा जोडलेल्या असतात की बाहेरची गुणगुण एकमेकींत कटते. जॅझ बेसमध्ये दोन्ही पिकअप सारखे उघडले तर कटते, एकच वापरलं की परत सुरू. आपल्या सेमिनार हॉलमधल्या जुन्या ट्यूबलाइट आणि डिमर बघता हा मुद्दा छोटा नाही. गंमत म्हणजे ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी वाजतो तो ४९ हर्ट्झचा, आणि महावितरणची वीज ५० ची. म्हणजे ते आपल्याला फुकटात एक जी देतात, पण जरा चढा!

हात लहान असतील तर तीस इंची शॉर्ट स्केल बेस जरूर बघावा. नेहमीचा चौतीस इंची असतो. शॉर्ट स्केल म्हणजे खेळणं असं नाक मुरडणाऱ्यांसाठी एकच नाव: पॉल मॅकार्टनी. त्याचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर तीस इंचीच. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला, १९७२ मध्ये चोरीला गेलेला आणि २०२४ मध्ये सापडल्याचं जाहीर झालेला. आणि कुठलाही बेस घ्या, थोडे पैसे सेटअपला राखून ठेवा. पावसाळ्यात मान वाकते, तारा वर उठतात, मग नवशिक्या पोराला वाटतं आपल्या बोटांतच दम नाही. ट्रस रॉडला पाव आटा दिला की तेच वाद्य लोण्यासारखं वाजतं.

अ‍ॅम्पला डीआय आउट हवाच हवा, यावर मी तडजोड करणार नाही. पॅसिव्ह बेस सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला की पिकअपवर भार पडतो आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा मुका होतो. डीआय असला की मोठ्या हॉलमध्ये अ‍ॅम्प फक्त आपल्याला ऐकायला, बाकीचं साऊंडवाल्याकडे. गुणगुण आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही! हे मी ओरडून लिहिते आहे, कारण आपल्याकडे हा उपाय सर्रास होतो. एका हातात तारा, ओठ माइकला, आणि दोघांच्या अर्थिंगचा पत्ता नाही. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वे वेल्समधल्या स्वॉन्सी इथे असाच स्टेजवर विजेच्या धक्क्याने गेला. मेसमधल्या त्या सैल थ्री-पिन सॉकेटबद्दल मेंटेनन्सला तीनदा अर्ज दिलाय. हा चौथा समजावा.

आता माझ्या धसक्याचं खरं कारण. म्युझिक रूम आहे बॉइज हॉस्टेलच्या तळमजल्यावर. मुलींना तिथे संध्याकाळी सातपर्यंत परवानगी, आणि प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन आटोपून आम्ही मोकळ्या होतो सहाला. चाळीस किलोचा अ‍ॅम्प त्या खोलीत एकदा गेला की तो तिथून हलणार नाही. आणि अ‍ॅम्प जिथे, बेस तिथेच. म्हणजे बेस कोण शिकणार हे कुणी न बोलताच ठरलं! वर्गात कुणी विचारलं की उत्तर मिळतं, "मुलींना बेसमध्ये इंटरेस्टच नसतो." मुंबईच्या मोहिनी डेने ए. आर. रहमान यांच्यासोबत बेस वाजवलाय, हे या मंडळींना ठाऊक नसावं. लॉस एंजेलिसच्या कॅरल के मुळात गिटारिस्ट. १९६३ च्या सुमारास एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही म्हणून त्यांनी बेस हातात घेतला, आणि पुढे हजारो गाण्यांत त्या वाजल्या. "ज्याला गिटार जमत नाही त्याला बेस द्या" म्हणणाऱ्यांनी हे नाव वहीत लिहून ठेवावं. आमच्या विंगमध्ये दोन फर्स्ट इयरच्या मुली आहेत, एक तबला शिकलेली, एक चर्चच्या क्वायरमधली. दोघींची लय माझ्यापेक्षा पक्की आहे. त्यांना माझ्या रूममध्ये बेस मिळतो तो अ‍ॅम्पशिवाय, कान लाकडाला लावून.

रेक्टर मॅडमची काळजी रास्त आहे. रात्री दहा ते सहा लाऊडस्पीकरबंदीचा नियम २००० सालापासून आहे, आणि बेस भिंतीतून जातो ही खरी गोष्ट. उलट मी तर म्हणेन, मोबाईलवरच्या डेसिबल मीटरवर विश्वास ठेवू नका. तो सहसा 'ए' वजनाने मोजतो, आणि त्यात ४० हर्ट्झचा आवाज साधारण ३५ डेसिबल कमी धरला जातो. आकडा छान दिसतो, शेजारच्या रूममधलं टेबल मात्र थरथरतं. म्हणूनच मागतेय तो अ‍ॅम्प हेडफोनचा. जॅक खोचला की स्पीकर बंद, मोबाईलवरचं गाणं सोबत लावायची सोय, आणि रात्री बाराला बेस वाजवला तरी मच्छरदाणीतल्या मैत्रिणीला फक्त तारांची टिकटिक.

तर जिमखाना कमिटीला माझी मागणी अशी. १०० वॉटच्या आसपासचा, बारा किलोच्या आतला कॉम्बो. डीआय आउट, हेडफोन आणि ऑक्स असलेला. उरलेल्या पैशांत एक साधा पॅसिव्ह बेस, दोन चांगल्या केबल, तारांचा एक जास्तीचा संच आणि एक ट्यूनर. लायब्ररीसारखं रजिस्टर ठेवा, सोमवार ते बुधवार बॉइज हॉस्टेल, गुरुवार ते शनिवार लेडीज हॉस्टेल. रविवारी बँड. दोन दुकानांची कोटेशनं मी पुढच्या मीटिंगला घेऊन येते. तोवर ज्यांना तो पंधरा इंचीच हवा आहे, त्यांनी एक करावं. मेसच्या कोठीत तांदळाची पोती आहेत. चाळीस किलोचं भरेल एवढं एक पोतं घ्यावं आणि म्युझिक रूमपासून सेमिनार हॉलपर्यंत, दुसऱ्या मजल्यावर, नेऊन दाखवावं. लिफ्ट बंद आहे.