रिकामपणचे उद्योग

‘तुला काय, रिकामपणचे उद्योग!’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई शिरूर-दौंडच्या पट्ट्यात मला तरी अजून भेटलेली नाही. कुणी दुपारी जुन्या लुगड्यांची गोधडी घालत बसते, कुणी क्रोशाचं तोरण विणते, कुणी दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात मांडायला रुखवत करून देते, कुणी सासूबाईंच्या तोंडच्या ओव्या मुलाच्या उरलेल्या वहीत उतरवून ठेवते. घरातल्यांचं म्हणणं एकच, ‘त्यापेक्षा जरा पडली असतीस तर!’ मला आपल्या मराठीची मोठी गंमत वाटते. पुरुषाने केला तर तो उद्योग आणि तो उद्योजक. तेच बाईने केलं की मागे ‘रिकामपणचे’ लागतं.

म्हणून आज एका मोठ्या उद्योगाची गोष्ट सांगते. तुमच्या घरी किंवा मुलांच्या शाळेत कॉम्प्युटर असेल, तर ‘क्विक हील’ हे नाव कानावर आलं असेलच. कॉम्प्युटरला व्हायरस लागू नये म्हणून घालतात ते सॉफ्टवेअर. ते परदेशातून आलेलं नाही. कैलास काटकर हे मूळ साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायच्या दुकानात ते कामाला लागले, तेव्हा पगार होता महिना ४०० रुपये. १९९१ च्या सुमारास मंगळवार पेठेत त्यांनी स्वतःचं लहानसं दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले आणि त्यातले बरेच व्हायरसमुळे बंद पडलेले असायचे. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. थोरल्याने त्याला सांगितलं, यावर काहीतरी औषध काढ. संजयने अभ्यास सांभाळून एकेका व्हायरसवर छोटे छोटे उपाय लिहायला सुरुवात केली. धंदा होता दुरुस्तीचा, हे चाललं होतं बाजूला! त्याच बाजूच्या कामातून १९९५ च्या आसपास ‘क्विक हील’ तयार झालं. पहिली काही वर्षं ओढाताणीचीच गेली. २००७ मध्ये कंपनीनेच ‘क्विक हील’ हे नाव घेतलं आणि २०१६ मध्ये तिचे शेअर्स बाजारात आले.

ही गोष्ट नेहमी ‘गरिबीतून वर आलेला मुलगा’ म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. एक तर कल्पना आकाशातून पडली नाही. रोज तेच काम करणाऱ्याला तीच तीच अडचण दिसली, त्यातून ती सुचली. सृजनशीलता म्हटलं की आपल्याला वाटतं ती कवी-चित्रकारांची मिरास. पण कुरडईचा चीक किती आटवायचा, हे ज्या बाईने दहा उन्हाळे बघितलंय, तिला जे सुचेल ते इतरांना सुचणार नाही. आणि दुसरं म्हणजे धाकटा कॉम्प्युटरसमोर तासन् तास बसायचा, तेव्हा ‘हे काय रिकामपणचे उद्योग’ असं थोरला म्हणाला नाही. गल्ल्यावर तो स्वतः बसला आणि भावाला मोकळं ठेवलं.

आता सांगा, असा थोरला भाऊ बाईच्या वाट्याला कितीदा येतो?

पुण्यातलीच आणखी एक गोष्ट आहे. इन्फोसिस ही एवढी मोठी कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. त्यासाठी सुधा मूर्तींनी साठवलेले १० हजार रुपये नवऱ्याला दिले, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. मला त्या पैशांपेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं की तीन वर्षं घरखर्चाचं मी बघते, तू तुझ्या कामाचं बघ. तीन वर्षं! आपल्याकडे कुठल्या सुनेला तीन वर्षं सोडा, तीन दुपारी अशा सलग मिळाल्यात? दौंडला तर घराचं घड्याळ रेल्वेच्या वेळेवर चालतं. नवऱ्याची ड्यूटी, मुलाची पुण्याची लोकल, परतीची गाडी लेट झाली की ताट पुन्हा गरम करा. इकडे रांजणगावच्या एमआयडीसीत तीन पाळ्या, म्हणजे घरात तीन वेळा डबा. पुरवण्यांमधून ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असे सल्ले येतात तेव्हा मला रागच येतो. वेळ काही विहिरीतलं पाणी नाही पोहरा टाकून काढायला! तो कुणीतरी दिल्याशिवाय मिळत नाही, आणि देणाऱ्याला त्या वेळात आपला चहा आपण करून घ्यावा लागतो.

एवढं सगळं असूनही बायका काही ना काही करतच आल्या. जात्यावरच्या ओव्या हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. हात दळणात, डोकं मोकळं. त्या मोकळ्या डोक्यात आमच्या आज्या-पणज्यांनी माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, दुष्काळ सगळं ओवून ठेवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. त्या ओव्यांना कुणी पैसे दिले नव्हते की बक्षीस ठेवलं नव्हतं.

इथे मला बचत गटांबद्दल थोडं बोलायचंय. गेली काही वर्षं मी गटांचंच काम करते, त्यामुळे हे घरच्यावरच बोट ठेवणं आहे. बाई काही छान करताना दिसली की आम्ही लगेच विचारतो, ‘विकतेस का? कर्ज काढू, स्टॉल लावू.’ हेतू चांगलाच असतो. काहींचं त्याने सोनं झालं, पुण्याच्या भीमथडी जत्रेपर्यंत बायका पोचल्या. पण काहींचं उलटंही झालेलं मी पाहिलंय. आवडीने गोधडी घालणारी बाई कर्जाच्या हप्त्यासाठी महिन्याला अमुक इतक्या गोधड्या घालायला लागली, आणि वर्षभरात तिने सुई-दोरा ठेवून दिला तो कायमचा. घरचे म्हणाले, ‘बघा, टिकत नाही बाईचं काही!’

असं का होत असावं, यावर अमेरिकेत १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. बालवाडीतली मुलं, स्केचपेनने चित्रं काढायची मुळातच आवड असलेली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक ते दिलं. काहींना काहीच नाही. पुढे आठ-पंधरा दिवसांनी बघितलं, तर बक्षिसाचं आधी कबूल केलेली मुलं आपणहून चित्रं काढण्यात बाकीच्यांपेक्षा निम्माच वेळ घालवत होती. आवड तीच, पण ‘यातून मला काय मिळणार’ हा हिशेब मध्ये आला. घराघरांत आपण पोरांना ‘पहिला नंबर आला तर सायकल’ म्हणतो, त्यांनीही हे एकदा वाचावं.

याचा अर्थ पैसे नकोत असा मुळीच नाही हं! जिचं घर डब्यांवर चालतं, तिचा डबा हा छंद नव्हे, ती रोजीरोटी आहे. तिला पूर्ण दाम मिळालाच पाहिजे, आणि ‘आवडीने करतेस ना’ म्हणून तिचे पैसे कापणाऱ्यांचा मला भारी संताप येतो. पण रोजीचं काम वेगळं आणि मनाचं काम वेगळं. मनाचं काम काही काळ तरी नफ्या-तोट्याच्या बाहेर राहू द्यावं. १९९१ मध्ये फिनलंडमधला लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी कॉम्प्युटरसाठी एक प्रणाली लिहीत होता. त्याने जाहीर करताना सांगितलं होतं की हा आपला नुसता छंद आहे, मोठं काही होणार नाही. आज तुमच्या-माझ्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात त्याचंच लिनक्स चालतं. त्याला पहिल्याच महिन्यात ‘किती सुटतात यातून?’ असं विचारणारं कुणी भेटलं नसावं!

आणि समजा काहीच मोठं झालं नाही, तर? तरी काय बिघडलं? घोडनदीच्या बाजारात मिळणारी कुठलीही चादर त्या गोधडीपेक्षा स्वस्त पडेल, हे ती घालणारीलाही ठाऊक असतं. पण दिवसभर तिने केलेलं सगळं संध्याकाळपर्यंत संपून जातं. भाकरी खाल्ली जाते, भांडी पुन्हा खरकटी होतात, अंगण पुन्हा झाडावं लागतं. गोधडी मात्र काल जिथे थांबली तिथूनच आज पुढे जाते. पुढे जाणारं असं एक तरी काम हातात असलं की बाईचा आवाज बदलतो, हे मी गटांमधून बघत आले आहे.

आमच्या काही गटांत आम्ही आता हप्ते गोळा झाल्यावर पाव तास वेगळा ठेवतो. हातात जे काही चाललंय ते आणून दाखवायचं, अर्धवट असलं तरी चालेल. ‘कितीला देशील?’ हा प्रश्न त्या पाव तासात विचारायचा नाही. पहिल्या दोन बैठकांना कुणीच काही आणलं नाही, सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिसऱ्या बैठकीत साठीच्या एका आजींनी पिशवीतून वही काढली. आत नवऱ्याच्या नोकरीच्या काळात बदलीच्या गावी भरलेल्या प्रत्येक घराच्या दारातली रांगोळी उतरवलेली होती, चौतीस वर्षांची. त्यांच्या सुनेलाही ती वही ठाऊक नव्हती.