दार रुंद केल्याने इतिहास सांडत नाही

जुन्या रेल्वेडब्याला हात लावू नये, असे म्हणणाऱ्यांचे प्रेम खोटे नसते. ब्रिटनमध्ये बंद पडलेल्या किंवा बंद पडू पाहणाऱ्या कितीतरी शाखामार्गांवर आज गाड्या धावतात त्या याच प्रेमापोटी. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे 1951 साली स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. तशी ती जगातली पहिली. ससेक्समधली ब्लूबेल रेल्वे 1960 मध्ये त्याच वाटेने गेली. सुट्टीच्या दिवशी गंज खरवडणाऱ्या, सागवानी फळ्यांना पॉलिश करणाऱ्या या मंडळींपुढे ‘व्हीलचेअरसाठी एक डबा बदलू या’ असा विषय काढला, की ठरलेले आक्षेप येतात. डबा हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे. पैसा नाही. असे प्रवासी येतातच किती? आणि शेवटी, कायद्याने आम्हाला सूट दिली आहे.

यातला पहिला आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला आधी भिडायला हवे. डबा मूळ रूपात ठेवायचा म्हणजे नेमका कोणत्या दिवशीच्या रूपात? ब्रिटिश रेल्वेने 1951 पासून हजारोंनी बांधलेला ‘मार्क वन’ डबा आज तिथल्या वारसा मार्गांचा कणा आहे. त्यातल्या अनेक डब्यांच्या भिंतींत ॲस्बेस्टॉस भरलेले होते. ते काढून टाकायचे, तर डबा सांगाड्यापर्यंत सोलावा लागतो. मूळ शौचालयातली घाण थेट रुळांवर पडे. तिथे आता टाक्या बसू लागल्या आहेत. त्याआधीच्या लाकडी डब्यांत गॅसचे दिवे असत. 1915 मध्ये स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्सहिलच्या अपघातात याच गॅसने आग भडकली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तो गॅस अस्सल होता म्हणून पुन्हा बसवा, असा आग्रह कुणी धरत नाही.

दारांचे उदाहरण तर ताजेच आहे. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यम ते मालेग मार्गावर धावणारी, हॅरी पॉटरच्या चित्रपटांमुळे जगभर पोचलेली ‘जॅकोबाइट’ ही वाफेची गाडी. तिच्या जुन्या डब्यांच्या हाताने उघडायच्या दारांना मध्यवर्ती कुलूपयंत्रणा हवी, असे रेल्वे नियामकाचे म्हणणे. खर्च झेपणारा नाही आणि कर्मचारी दारांवर पुरेसे लक्ष ठेवतात, असे चालवणाऱ्या कंपनीचे म्हणणे. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि 2023 च्या अखेरीस कंपनी हरली. सुरक्षेसाठी दाराची रचना बदलता येते हे तिथे पक्के झाले. मग त्या दारातून आत कोण येऊ शकेल, एवढ्यापुरताच इतिहास अचानक नाजूक का होतो?

शिवाय इतिहासच जपायचा तर तो पुरता जपावा. ब्रिटिश रेल्वेच्या काळात व्हीलचेअरवरचा प्रवासी गाडीत बसत असे, पण गार्डाच्या डब्यात. सायकली, पार्सले, शर्यतीच्या कबुतरांच्या टोपल्या आणि तो. तिकीट मात्र माणसाचे. ही पद्धत 1970 च्या दशकातही सर्रास होती. ‘आम्ही उचलून घेतो की आत’ असे वारसा मार्गांवर आजही आपुलकीने म्हटले जाते, तेव्हा त्या जुन्या व्यवस्थेची सावली त्यात असते. उचलणाऱ्याच्या मनात दया असेल, पण उचलले जाणाऱ्याला आपण सामान झाल्यासारखे वाटते ते वाटतेच. आणि डब्यात धूर झाला तर उचलणारे चार जण त्या क्षणी कुठल्या डब्यात असतील, हा प्रश्न उरतोच.

गंमत अशी, की उत्तरही त्या गार्डाच्या डब्यातच दडलेले आहे.

मार्क वनचे नेहमीचे दार अरुंद, कप्प्यांच्या बाजूने जाणारी बोळकांडी त्याहून अडचणीची. ब्रिटनमध्ये नियमांसाठी धरली जाणारी प्रमाण व्हीलचेअर 700 मिलिमीटर रुंद आणि 1200 मिलिमीटर लांब असते. ती त्या बोळात वळतच नाही. गार्डाच्या भागाला मात्र सामानासाठी दुहेरी दारे असतात आणि आत सपाट, मोकळी जमीन असते. तिथे एक आडभिंत सरकवायची, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर खिडकी द्यायची, दुमडत्या खुर्च्या आणि टेबल बसवायचे, म्हणजे सोबतचे कुटुंबही तिथेच बसते. बाहेरून डब्याची रेषा फारशी बदलत नाही आणि उद्या कुणाला मूळ रचना परत आणायची असेल तर तीही आणता येते. ब्रिटनमधल्या अनेक वारसा मार्गांनी हीच वाट धरली आहे. मात्र खिडकी विसरून नुसती जागा मोकळी केली, तर ते पुन्हा पार्सलखातेच झाले.

एक गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांच्या पदरात टाकायलाच हवी: प्रत्येक डबा कापायचा नसतो. वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेचे 1872 चे 15 आणि 16 क्रमांकाचे डबे ब्रिटनमधले पहिले बोगी प्रवासी डबे आहेत. त्यांवर करवत चालवणे हा अडाणीपणा ठरेल. फेस्टिनिऑगने तसे केलेले नाही. बॉस्टन लॉज या स्वतःच्या कारखान्यात ती नवे डबे बांधते आणि व्हीलचेअरची सोय त्यांत करते. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या ट्रामसेवेने आणखी धीट मार्ग निवडला. 1934-35 च्या ‘बलून’ दुमजली ट्रामपैकी नऊ ट्राम तिने नव्या फलाटांना भिडाव्यात म्हणून दारांपाशी रुंद केल्या आणि त्याच वंशाच्या इतर काही ट्राम जुन्या रूपात ठेवल्या. रुंद केलेल्या ट्राम दिसायला जरा बेढब झाल्या, हे खरे. पण एकाच ताफ्यात दोन्ही हेतू साधता येतात हेही त्यांनी दाखवले.

पैशाच्या आक्षेपाला सॅन फ्रान्सिस्कोत चोख उत्तर मिळते. तिथल्या ‘एफ’ मार्गावर 1995 पासून ‘पीसीसी’ प्रकारच्या जुन्या ट्राम नियमित धावतात. बऱ्याच थांब्यांवर डब्याच्या जमिनीच्या उंचीचा छोटा चौथरा आणि त्यावर चढणारा उतार बांधला आहे. चालक मधल्या फटीवर पट्टी टाकतो आणि व्हीलचेअर आत जाते. फेरफार झाला तो मुख्यतः थांब्यात. हिशेबही तेच सांगतो. फलाट आणि डबा यांत 30 सेंटीमीटरचा फरक असेल, तर 1:12 च्या उताराला 3.6 मीटर लांबी लागते. एवढी फळी रोज कोण वाहणार? त्यापेक्षा फलाटाचा एक तुकडा एकदाच उंच करणे स्वस्त पडते.

‘असे प्रवासी येतच नाहीत’ या आक्षेपावर शाई खर्च करण्याचे कारण नाही. ज्या दारातून आत जाता येत नाही, तिथल्या तिकीटविक्रीवरून मागणी मोजता येत नाही.

उरली कायद्याची सूट. अमेरिकेच्या 1990 च्या अपंग हक्क कायद्यात ऐतिहासिक डब्यांसाठी खरोखरच अपवाद आहे, पण तो सरसकट नाही. डबा किमान 30 वर्षांचा हवा, त्याचा निर्माता त्या धंद्यातून बाहेर पडलेला हवा, आणि बदलामुळे डब्याच्या ऐतिहासिक स्वरूपाला मोठा धक्का बसत असेल तेवढ्यापुरतीच सूट. आपल्या 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचे 41 वे कलमही जुनी वाहने सुगम करायला सांगते. फक्त ते तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित, परवडणारे आणि रचनेत मोठी उलथापालथ न करणारे असावे. सामानाच्या दुहेरी दाराचा उपयोग करणे या अटींत सहज बसते.

आणि म्हणूनच आपल्या नेरळ–माथेरानच्या छोट्या रेल्वेकडे पाहायला हवे. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभारलेला हा दोन फुटी, सुमारे 21 किलोमीटरचा मार्ग 1907 मध्ये सुरू झाला. माथेरानला मोटारींना बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. तिथून पुढे लाल माती, घोडे आणि आजवर माणसांनी ओढलेल्या हातरिक्षा. या हातरिक्षा बंद करून ई-रिक्षा आणा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये बजावले. अशा गावात दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकाहून माथेरानपर्यंत जाणारी शटल ही व्हीलचेअरवरच्या माणसासाठी केवळ हौसेची सफर राहत नाही, गावात पोचण्याचे ते एक साधन होते.

इथे वारशाचा आक्षेप घ्यायला जागाही उरत नाही. वाफेची इंजिने जाऊन डिझेल आली, वातानुकूलित डबा आला, मोठ्या काचांचा व्हिस्टाडोमही आला. यातल्या एकाही बदलाने माथेरानची राणी परकी झाली नाही. वारसा आहे तो वळणांचा, बोगद्याचा, घाटाचा आणि त्या अरुंद रुळांचा. काल बांधलेल्या डब्याला शंभर वर्षांपूर्वीच्या डब्याची सवलत मागता येणार नाही. प्रत्येक गाडीत टोकाचा एक डबा दुहेरी दाराचा, दुमडत्या बाकांचा आणि खाली उतरलेल्या खिडकीचा असावा, नेरळ, अमन लॉज आणि माथेरान इथे फलाटाचा एकेक तुकडा त्या दाराच्या उंचीला आणावा, आणि त्या जागेचे आरक्षण इतर तिकिटांबरोबरच मिळावे. पुढच्या डब्यांची मागणी नोंदवताना हा तपशील आराखड्यातच यायला हवा.