एम१९११ : एका प्रतिभावंताचे की अनेक हातांचे?

जॉन ब्राउनिंग यांचे एम१९११ पिस्तूल म्हणजे पहिल्याच दिवशी परिपूर्ण झालेली निर्मिती, असे लोकप्रिय इतिहासलेखन आवडीने सांगते. पुरावा मात्र वेगळे बोलतो, आणि तो मुठीच्या मागच्या बाजूस आहे.

तिथली ग्रिप सेफ्टी तळहाताने दाबली गेल्याखेरीज चाप ओढता येत नाही. कल्पना उत्तम, पण १९११ साली लष्कराने स्वीकारलेल्या नमुन्यात तिची वरची शेपटी आखूड होती. गोळी सुटली की स्लाइड हॅमरला मागे लोटते. हात मांसल असेल, तर अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील त्वचा हॅमर व शेपटी यांत चिमटली जाई. हाच तो कुप्रसिद्ध ‘हॅमर बाइट’.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या दशकात, एम१९११ए१ आले. शेपटी लांबवली गेली, चाप आखूड झाला. नेमबाजांचे तेवढ्यानेही समाधान झाले नाही. पुढे रुंद, वर वळलेली ‘बीव्हरटेल’ रूढ झाली. या दुरुस्त्यांचे श्रेय सोललेल्या हातांना न देणे अन्यायाचेच आहे.

ब्राउनिंग यांनी आरंभलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३५ साली आलेल्या हाय-पॉवरमध्ये ग्रिप सेफ्टीच नव्हती. चाव्याची तक्रार मात्र तिथेही उरली.